पांढरी पाचच्या जरा वर

मे महिन्यात नागपूरला निघालेय असं सांगितलं की मिरजेची माणसं आधी आपल्या तोंडाकडे बघतात आणि मग हळू आवाजात विचारतात, "कोण आजारी आहे?" लग्न नाहीतर आजारपण, याखेरीज त्या दिवसांत तिकडे कुणी जात नाही अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. मी एका कपाटासाठी चालले होते. हे ऐकल्यावर आईनं देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले.

कपाट हे त्याचं घरगुती नाव. खरं म्हणजे तो सिंथेसायझर. पण हल्ली ऑर्केस्ट्रात दिसतो तो नव्हे, की हे बटण दाबलं की बासरी आणि ते दाबलं की व्हायोलिन. हा जुन्या पद्धतीचा. लोखंडी चौकटीत एकावर एक स्क्रूनं आवळलेले काळे डबे, प्रत्येकाच्या तोंडावर घुंड्या, खटके आणि भोकं, आणि भोकाभोकांतून एकमेकांत खुपसलेल्या वायरी. वाजवायला खाली वेगळा पट्ट्यांचा की-बोर्ड जोडायचा. तयार आवाज त्यात एकही नसतो. कच्चा स्वर मिळतो, पुढचं तुमचं तुम्ही निस्तरायचं. मुंबईच्या एका स्टुडिओनं नवी डिजिटल यंत्रं आली म्हणून हा अडगळीत काढला आणि प्रभाकर मेश्रामनं तो उचलून नागपूरला नेला.

प्रभाकरची आणि माझी ओळख पुण्यातल्या एका ऑर्केस्ट्रातली. तो की-बोर्ड वाजवायचा, मी अ‍ॅकॉर्डियन, आणि अ‍ॅम्प्लिफायर रुसला की त्याची समजूत काढायचं कामही माझ्याकडेच. मिरजेत माझं रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. बाई दुकानात बसून झाळकाम करते हे बघायला सुरुवातीला लोक न बिघडलेले रेडिओही आणायचे. तर एकदा मुंबईत दुरुस्तीला गेले असताना अशाच एका यंत्रापुढे मला एक दुपार बसायला मिळालं होतं, आणि त्या दुपारीनं माझी नंतरची कितीतरी वर्षं नासवली होती. त्यामुळे प्रभाकर ट्रंक कॉलवर ओरडून म्हणाला, "ताई, या नं. हे नुसतं घोंगावून राहिलं," तेव्हा मी फोन ठेवायच्या आधीच मनातल्या मनात पिशवी भरली होती.

इंदोरा

स्टेशनाबाहेर आले तेव्हा सकाळच होती, पण ऊन असं, जसं कुणी भट्टीचं दार उघडं टाकून गेलंय. प्रभाकरनं कशा आहात, बऱ्या आहात व्हायच्या आधी माझ्या डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि हातात कांदा ठेवला.

"पर्समंदी ठेवा ताई. लू लागत नाही."

"आमच्याकडे कांदा भडंगात घालतात."

"इथं भी खाण्यातच घालतो. पण आधी खिशात."

घर इंदोऱ्यात, दारात कडुनिंब, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून या घरात गाणं आहे. बुद्धगीतं, भीमगीतं, वस्त्यावस्त्यांतून कार्यक्रम. थोरले भाऊ वसंतराव पेटीवर, त्यांची बायको कौसल्याबाई गायला, आणि प्रभाकर पडेल ते वाजवायला. गेल्या हिवाळ्यात वसंतरावांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय काठीच्या आधारानं परत आला, हात आला नाही. त्या दिवसापासून पेटीवर कापड पडलं आणि कौसल्याबाईंचं गाणं थांबलं. प्रभाकरनं एकदा ती पेटी पुढं ओढली तर वहिनीनं झाकण लावून टाकलं. नवऱ्याच्या पेटीला दुसऱ्याचा हात तिला बघवेना.

म्हणून हे कपाट. पेटी नाही, पेटीसारखंही दिसत नाही, तेव्हा यावर तरी वहिनी गातील असा प्रभाकरचा हिशेब. बुद्धपौर्णिमेचा नागपूरजवळच्या कळमेश्वरचा कार्यक्रम वसंतराव धडधाकट असताना कबूल केलेला होता. "या पौर्णिमेले नाही गायली तर मंग वहिनी कधीच नाही गात," तो मला रिक्षातच म्हणाला होता. माझ्या हातात होता तो जेमतेम आठवडा.

कौसल्याबाई उंच, रुंद हाडापेराच्या, बोलायला कमी. "जय भीम ताई, या, बसा, आधी पन्हं घ्या," एवढं बोलून त्यांनी माझी पिशवी उचलली. विदर्भात बायकाही 'मी येतो', 'मी करतो' म्हणतात. माझ्या कानाला पहिल्या दिवशी ठेच लागली, दुसऱ्या दिवशी ते इतकं आवडलं की मीच आरशासमोर म्हणून बघितलं.

खोलीत सगळ्यात मानाची जागा कपाटाला दिलेली होती, म्हणजे कूलरसमोर. नागपुरात मे महिन्यात घरचा कर्ता कोण असेल तर कूलर. लोखंडी खोकं, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पाणी, पंखा. त्याच्या वाऱ्याला नदीकाठचा वास येतो आणि घरातलं प्रत्येक भांडण शेवटी त्याच्यासमोर कुणी बसायचं यावर येतं. प्रभाकरनं त्या जागेवर यंत्र बसवलं होतं आणि सख्खा भाऊ कोपऱ्यातल्या खाटेवर. वसंतरावांनी तक्रार केली नव्हती. ते डोळे मिटून पडलेले असत, पण झोपलेले नसत हे मला लवकरच कळलं.

प्रभाकरनं खटका वर केला. लाल दिवे लागले. मी एक वायर काढली, दुसरी खुपसली आणि पट्टी दाबली. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा आवाज आला.

"हेच करून राहिलं," प्रभाकर हताश होऊन म्हणाला.

"अरे, हाच तर माल आहे," मी म्हटलं, आणि पुढची वायर उचलली.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना कसं सांगावं. पहिल्या डब्यातून निघणारा स्वर सगळ्या अंगानं खरखरीत असतो. दुसरा डबा म्हणजे फिल्टर, तो वरची खरखर छाटतो. त्याची घुंडी डावीकडे नेली की स्वर तोंडावर हात धरून बोलतो, उजवीकडे नेली की हात काढतो. तिसऱ्या डब्यात ठरतं की स्वर उठणार कसा आणि मावळणार कसा. घंटेसारखा एकदम उठून विरत जाईल, की भाता भरेपर्यंत सावकाश येईल. घुंडी केसभर हलवली की जगात आजवर कुणी न ऐकलेला आवाज तुमच्या पुढ्यात, आणि पुन्हा केसभर हलवली की तो गेला, कायमचा. यंत्राला आठवण नसते. आवडलेल्या आवाजासाठी आम्ही घुंड्यांवर खडूनं खुणा करत होतो, आणि त्या खुणांवर नव्या खुणा. पहिल्याच दुपारी आम्ही बैलाची घंटा केली, मालगाडी केली, पाण्यातून बोलणारा माणूस केला. एक आवाज असा निघाला की शेजारच्या बाई आपला कुकर समजून घरी पळाल्या. प्रभाकर खुर्चीवरून खाली बसून हसला. मी इतकी खूश होते की जेवायला हाक मारलेली मला ऐकूच गेली नाही.

जेवायला वडाभात होता. डाळीचे खरपूस वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. आमच्याकडे भातावर तूप असतं, तेल ओतलेलं बघून मी हात आखडता घेतला. कौसल्याबाईंनी पळी तशीच माझ्या ताटावर उपडी केली. रात्री मी स्वतःहून तेल मागितलं.

संध्याकाळी त्यांना बोलावलं. मी बासरीच्या अंगाचा गोड आवाज लावला होता. त्या दारात उभ्या राहिल्या, एक ओळ गुणगुणल्या, अर्ध्यावर थांबल्या.

"चांगलं आहे ताई. पण मले यात पाय ठेवाले जागा नाही."

लकडगंज

मी हार मानणाऱ्यातली नाही. पुढचे दोन दिवस मी आवाजामागून आवाज केले. शेवटी ठरवलं की पेटीच करायची. पेटीत एका स्वराला दोन पितळी पत्त्या, म्हणजे रीड, असतात आणि त्या दोघी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून तिचा आवाज भरदार लागतो. मी कपाटातले दोन स्वर तसेच किंचित लांब ठेवले, फिल्टर निम्म्यावर आणला, उठण्यात भात्याचा दम घातला. पहिला सूर लागला आणि खाटेवरून वसंतराव डोळे न उघडता म्हणाले, "पेटी आहे."

माझी छाती फुगली. कौसल्याबाई आल्या, खाली बसल्या, या वेळी दोन ओळी गायल्या. आवाज काय होता, रुंद आणि खरा. पण वरच्या जागेला गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. "नाही बसत," त्या म्हणाल्या आणि उठून गेल्या. प्रभाकर माझ्याकडे बघेना. वहिनीनं न गायचंच ठरवलंय आणि आपण उगाच आटापिटा करतोय, हे त्याच्या मनात आलं होतं. माझ्याही आलं होतं.

तोंड चुकवायला आम्ही दोघं लकडगंजला गेलो. कपाट कळमेश्वरला न्यायचं तर लाकडी पेटारा हवा होता. लकडगंज म्हणजे आरागिरण्या आणि सागाचे ढीग, हवेत इतका भुसा की चहातही सागाची चव. तिथल्या मिस्त्रीनं मापं घेतली आणि विचारलं, "यात काय ठेवता?"

"आवाज," प्रभाकर म्हणाला.

"मंग टाइट करतो. सांडाले नको."

त्यानं शब्द पाळला. पेटारा इतका बेतून झाला की घरी कपाट आत बसवलं आणि ते बाहेर येईना. आम्ही ओढलं, शिव्या दिल्या, शेवटी पुढची फळी काढून ते तसंच पेटाऱ्यात कूलरसमोर ठेवलं. अनेक दिवसांनी वसंतराव हसले म्हणे. मला ते हसू खोकल्यासारखं वाटलं होतं.

कूलर

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी कूलर जळाला. फट्‌ आवाज, वास, आणि घराची भट्टी. नवी मोटर घेऊन कूलरचा मिस्त्री संध्याकाळी येणार होता. शहाणी माणसं अशा वेळी ओला टॉवेल तोंडावर घेऊन पडतात. मी घामाच्या धारांत कपाटासमोर बसून राहिले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. प्रभाकरनं पांढरी पाचवर, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, एक बोट ठेवून सूर धरला होता आणि मी घुंड्यांशी खेळत होते.

सूर हलला होता. जुन्या यंत्रांचं हे दुखणं मला माहीत होतं, तापलं की स्वर सरकतो. पर्समध्ये माझा ट्यूनिंग फोर्क असतो, कांद्याशेजारी. रोज सकाळ-संध्याकाळ तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि यंत्र त्याला जुळवायचं हा माझा नेम होता. बेसूर यंत्र पुढ्यात असलं की माझा जीव घुसमटतो, सतारी-तंबोऱ्यांच्या मिरजेचं पाणी आहे ते. आताही मी फोर्क काढला. कपाट चांगलंच चढलेलं होतं. मी सुराच्या घुंडीकडे हात नेला.

आणि स्वयंपाकघरातून गाणं आलं.

गुणगुणणं नव्हे. पूर्ण ओळ, मग दुसरी, मग ती वरची जागा जिथं त्या मागच्या खेपेला अडल्या होत्या. तिथं त्या नुसत्या चालत गेल्यासारख्या गेल्या. प्रभाकरनं माझं मनगट पकडलं, मान हलवून नको नको म्हणाला, आणि पट्टीवरचं बोट दाबूनच ठेवलं. मी खाटेकडे बघितलं. वसंतराव उठून बसले होते. त्यांचा डावा हात चादरीवर उघडत होता, मिटत होता. भाता देत होते ते. अंगावर काटा आला माझ्या, त्या तसल्या उकाड्यात.

कौसल्याबाई हातात कैरीची कोय घेऊन बाहेर आल्या.

"आता काहून बरं वाटून राहिलं?" त्यांनी विचारलं. मग कोय कपाटाकडे रोखून म्हणाल्या, "काय केलं गा यात, प्रभाकर?"

"काहीच नाही केलं, वहिनी. कूलर बंद झाला."

मग वसंतराव बोलले. एका दमात त्यांनी इतकं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. "हिचा गळा पांढरी पाचले दबते अन् तिच्या लगेच वरच्या काळी चारले ताणते. लगन झालं तवाच मले समजलं. मंग मी पेटीची एकेक पत्ती घासून सूर मंधात आणला. सगळी पेटी. दुसऱ्या कोणाले त्या पेटीवर गाताच नाही येत."

"मले नाही सांगितलं कधी," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तुले काय सांगाचं. तू गात होती."

म्हणजे त्या बाईंना आयुष्यभर वाटत आलं होतं की पेट्या अशाच असतात. आणि आम्ही मात्र आवाज पेटीसारखा करायला घुंड्या झिजवत होतो आणि रोज दोनदा, इमानेइतबारे, फोर्क लावून त्यांच्या पायाखालची जमीन काढून घेत होतो. मी म्हटलं, खात्री करू. वसंतरावांनी मान डोलावली तेव्हा पेटीवरचं कापड निघालं. त्यांनी डाव्या हातानं भाता दिला, प्रभाकरनं पट्टी दाबली, मी कपाटावर तीच. दोन्ही सूर एकमेकांत असे मिळाले की मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि मी पिटल्याही.

"मंग पेटीच नेऊ नं," प्रभाकर म्हणाला. "मी वाजवतो."

"तिले राहू दे," कौसल्याबाई म्हणाल्या. "ती यांची आहे. मी या कपाटावर गातो."

मी सुराच्या घुंडीसमोर खडूची ठळक खूण केली, कूलर दुरुस्त झाल्यावर पुन्हा त्या सुराला जुळवलं, पुन्हा खूण केली, आणि स्वतःवर बेहद्द खूश होऊन झोपले.

कळमेश्वर

टेम्पोतून आम्ही कपाट पेटाऱ्यासकट नेलं. वस्तीत दारोदार खिरीची पातेली, पांढऱ्या साड्यांची नुसती गर्दी, कारखान्यातून सुटून तसेच आलेले लोक पुढच्या सतरंजीवर. आमच्याकडे कार्यक्रमाला आलेला माणूस आधी खुर्ची शोधतो, इथं आधी तुमच्या हातात खिरीची वाटी येते आणि ती संपल्याशिवाय कुणी मंच दाखवत नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या. वसंतरावांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. काठी मांडीवर आडवी घेऊन ते बसले.

दिवस मावळायला वंदना झाली, आणि कौसल्याबाई उभ्या राहिल्या. मी कपाटाशेजारी, प्रभाकर की-बोर्डवर, मागं वस्तीतला एक ढोलकीवाला. उकाड्यातली खूण बघून मी सूर लावला. दिवसभराच्या उन्हानं मंचाच्या फळ्याही तापलेल्या होत्या, कपाटही. पहिलं गाणं असं गेलं की लोक उठून उभे राहिले. मला रडू येत होतं आणि हसूही. प्रभाकर मान खाली घालून वाजवत होता, त्याच्या नाकावरून घाम का पाणी ते पट्ट्यांवर टपकत होतं.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यात मैदानावर वारा सुटला. इतके दिवस ज्याच्यासाठी तळमळत होते तो गार वारा, आणि तो नको तेव्हा आला. लोकांनी सुस्कारे सोडले. कपाट उतरू लागलं. माझ्या कानाला ते आधी कळलं नाही. कौसल्याबाईंच्या गळ्याच्या त्या शिरा दिसल्या तेव्हा कळलं. मी घुंडी फिरवली. जास्त फिरली. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं, मी उलटी फिरवली, आता कमी. खडूच्या दोन्ही खुणा तिथंच होत्या आणि काही कामाच्या नव्हत्या. जुळवायचं कशाशी? फोर्कमध्ये तो सूर नव्हता, पेटी इंदोऱ्यात होती, आणि माझ्या कानात तो कधी बसलाच नव्हता. कौसल्याबाईंनी ओळ सोडली. ढोलकीवाला एकटाच वाजवत राहिला. त्यांचे ओठ मिटलेले मी बघितले आणि घुंडीवरचा हात काढला.

फळ्यांवर काठी वाजली. वसंतराव पायऱ्या चढून आले होते, कुणाचा हात न धरता.

"सरका ताई," ते म्हणाले. "मी बसतो."

ते माझ्या जागी बसले, काठी ठेवली आणि डावा हात घुंडीवर ठेवला. नजर बायकोकडे. कपाटाचा सूर हळूच चढला, थांबला, अगदी थोडा मागं आला. त्यांनी हनुवटी हलवली. कौसल्याबाईंनी सोडलेली ओळ उचलली.

त्यानंतर वारा वाहत राहिला, चंद्र वर आला, कौसल्याबाई गात राहिल्या, आणि कपाट जेवढं उतरेल तेवढं वसंतराव त्याला वर आणत राहिले. कुठल्याही खुणेकडे त्यांनी बघितलं नाही. वरच्या जागा घ्यायच्या आधी ते सूर केसभर चढा ठेवायचे, बायको तिथं पोचली की सोडायचे. हे पेटीवर कधीच करता येत नाही. एवढी वर्षं घासून घासून जे एका जागी बसवलं होतं, ते आता त्यांच्या बोटात जिवंत होतं. मी मंचाच्या कडेला मांडी घालून बसले. मला करण्यासारखं काही नव्हतं आणि इतका आनंद मला कपाटाच्या कुठल्याही आवाजानं दिला नव्हता.

परतताना टेम्पोत आम्ही पेटाऱ्याला टेकून बसलो होतो. मग कौसल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आज भाता चांगला दिला."

वसंतरावांनी डावा हात उघडून दाखवला. घुंडीचे दाते बोटांवर लाल उमटले होते. कौसल्याबाईंनी तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि इंदोरा येईपर्यंत सोडला नाही.